एच-इंडेक्स बघून झुरू नकोस

अरे, पीएचडीला लागून वर्ष होतंय न होतंय तोच एच-इंडेक्स मोजत बसलास? संशोधकाच्या निबंधांचा इतर निबंधांत किती उल्लेख झाला, यावरून काढलेला हा आकडा 2005 साली हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा उल्लेख, तर इंडेक्स दहा. एकाच निबंधाला हजार उल्लेख आणि बाकी कोरे, तर इंडेक्स फक्त एक! शिवाय निवृत्त झालं तरी तो खाली येत नाही.

तुझा विषय डाळिंबावरचा तेल्या रोग. त्यावर काम करणारेच मोजके, मग उल्लेख करणार कोण? कॅन्सरवाल्यांशी तुलना करूच नकोस. तुझे निष्कर्ष ऐकून सांगोल्याच्या एखाद्या शेतकऱ्याने पावसाळ्याच्या सुरुवातीचा मृग बहार सोडून पावसाळा सरतानाचा हस्त बहार धरला, बाग वाचली, तर त्याची नोंद स्कोपसमध्ये, म्हणजे निबंध आणि उल्लेख मोजणाऱ्या डेटाबेसमध्ये, होत नाही. माझ्या लेखी मात्र तेच मोठं काम. आणि प्रत्येक उल्लेख म्हणजे कौतुक नव्हे; चूक दाखवायलाही उल्लेखच करतात, हे विसरू नकोस.

‘तू माझा उल्लेख कर, मी तुझा करतो’ असं कुणी म्हणालं, तर साफ नाही म्हण.

अर्जात आकडा मागतात, तो दे. पण सोबत दोन-तीन चांगले निबंध निवडून प्रत्येकात तू स्वतः काय केलंस ते लिही: नमुने कुठल्या बागांतून आणले, चाचण्या कुणी केल्या, काय नवं सापडलं. मुलाखतीत त्यावरच बोल.