हात दुखतो, तेल कोणतं लावू?

आंबा-काजूचा हंगाम आटपला की हाताच्या दुखण्यांची पत्रं सुरू होतात. कुठे दुखतं, कधी दुखतं ते अर्ध्या ओळीत, तेलाची चौकशी मात्र पानभर.

घळीने (जाळी लावलेल्या लांब काठीने) आंबे काढून उजवं कोपर बाहेरून दुखतं. डॉक्टर ‘टेनिस एल्बो’ म्हणाले. मी टेनिस कधी खेळलो नाही. (देवगड)

खेळावं लागत नाही. मनगट उचलणारे स्नायू कोपराला जिथे चिकटतात तिथे ताण बसलाय. काही आठवडे घळ दुसऱ्याच्या हाती द्या आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिका. इंजेक्शनने पटकन बरं वाटतं, पण दुखणं उलटतं. ते घ्यायचं की नाही हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

काजूच्या कारखान्यात बी फोडते. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात, हात झटकला की बरं वाटतं. टॉनिक घेऊ का? (वेंगुर्ला)

नको. मनगटात नस दबत असावी. तपासून घ्या, सोबत साखर आणि थायरॉईडही. अंगठ्याखालचा उंचवटा सपाट दिसू लागला असेल तर ‘गणपती झाल्यावर बघू’ म्हणू नका.

चुंबकाचं कडं चालेल? (चिपळूण)

विकणाऱ्याचं चालतं.

आईचा खांदा चार महिने आखडलाय, अंबाडाही घालता येत नाही. बाजारातल्या पुडीने आठ दिवसांत उतार पडला. चालू ठेवू? (मालवण)

या पुडीवर काय लिहिलंय? काहीच नाही ना? ‘शुद्ध जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक कुटून घातलेली सापडली आहेत. उतार इतका झटपट पडतो तो त्यामुळे. मग साखर चढते, रक्तदाब चढतो, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात. त्यात आखडलेला खांदा मधुमेहींमध्ये जास्त आढळतो. म्हणजे ज्या बाईची साखर आधी तपासायला हवी, तिलाच आपण साखर वाढवणारं औषध चाटवतोय! आणि आता घाबरून पुडी एकदम बंदही करू नका. बरेच दिवस स्टेरॉइड पोटात गेलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, अचानक तोडलं तर माणूस कोसळू शकतो. उद्याच पुडी हातात घेऊन आईंना फिजिशियनकडे न्या, तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करा, मग खांद्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञ. हाडवैद्याकडून हात ओढून घेऊ नका, ठिसूळ हाड मोडतं. हा खांदा सुटायला वर्ष, कधी दोन-तीन वर्षंही लागतात. आठ दिवसांचं वचन देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

वडील ६२ वर्षांचे. घाटी चढताना डावा हात भरून येतो, बसले की थांबतो. गॅस असेल का? (गुहागर)

हे पत्र लिहिण्याआधी दवाखाना गाठायला हवा होता. आजच ईसीजी काढा. तो चांगला आला तरी निर्धास्त होऊ नका; बसल्या जागी काढलेला ईसीजी हृदयविकार असतानाही साफ येऊ शकतो. हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा, तोवर घाटी बंद. बसूनही दुखणं थांबेना, घाम फुटला, छाती दाबल्यासारखी झाली, तर सोडा पाजत बसू नका, १०८ ला फोन करा.