कुठे आणि कोणाबरोबर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

कॅन्सर वॉर्डातल्या त्या मुलाच्या सहलीबद्दलचा तुझा लांबलचक मेसेज वाचला. त्यात देणगीदार पानभर आहे, मुलाचा बाप आहे, तुझे वरिष्ठ आहेत, तुझी झोप उडाल्याचंही आहे. मुलगा मात्र पार तळाशी, एका ओळीत: त्याला कोकण रेल्वेचे बोगदे मोजायचेत, आजी आणि बहिणीला सोबत घेऊन. सुरुवातच तिथून करायची होतीस ना! तसं केलं असतंस तर बाकीचं पान लिहावंच लागलं नसतं.

कधी जायचं, हे डॉक्टर ठरवतील. कुठे आणि कोणाबरोबर, हे तो ठरवेल. तिसऱ्या कोणी काही ठरवायचं नाही. तू नाही, मी नाही आणि पैसे देणारा तर मुळीच नाही.

देणगीदार म्हणतोय हाँगकाँगचं डिस्नेलँड. माणूस वाईट नाही, मनापासूनच देतोय. पण त्या मुलानं डिस्नेलँड मागितलेलं नाही. परभणीकडून दर खेपेला देवगिरी एक्सप्रेसनं रात्री यायचं, आईच्या मांडीवर अर्धवट झोपेत कसारा घाट उतरायचा आणि सकाळी परळला सुई टोचून घ्यायची, एवढाच त्याचा रेल्वेशी संबंध. बोगदा म्हणजे काळोखात अचानक बदलणारा आवाज, इतकंच त्याला ठाऊक. शेजारच्या कॉटवरच्या खेडच्या मुलानं सांगितलं की आमच्या लाइनीवर ब्याण्णव बोगदे आहेत, तेव्हापासून त्याला ते दिवसाउजेडी मोजायचेत. यात कमी काय आहे? 'एवढंच?' असं देणगीदारानं विचारलं, ते मी समजू शकते. तूही विचारलंस, याचा मला राग आला.

अमेरिकेत फिनिक्सला 1980 साली सात वर्षांच्या एका मुलाला पोलीस व्हायचं होतं. ल्युकेमिया होता. तिथल्या पोलिसांनी त्याच्या मापाचा गणवेश शिवून घेतला, त्याला हेलिकॉप्टरमधून फिरवलं, बिल्ला दिला. मुलानं पोलीस मागितलं, त्याला पोलीसच केलं. आजारी मुलांच्या इच्छा पुरवणारी मेक-अ-विश संस्था उभी राहिली ती त्यातून. 'अरे, पोलीस काय, तुला राष्ट्राध्यक्षांना भेटवतो' असं तिथे कोणी म्हणालं नाही.

दुसरी गोष्ट हेन्री लँडवर्थची. ऑशविट्झमधून वाचलेला माणूस, पुढे फ्लोरिडात हॉटेलं चालवायचा. ल्युकेमिया झालेल्या एका लहान मुलीला डिस्ने वर्ल्ड पाहायचं होतं आणि त्याच्या हॉटेलातली खोली तिला लगेच मिळालीही होती. बाकीची जुळवाजुळव लांबत गेली आणि ती मुलगी पोचलीच नाही. त्यानंतर 1986 मध्ये त्यानं 'गिव्ह किड्स द वर्ल्ड' काढलं. फ्लोरिडातच किसिमीला त्यांचं अख्खं गाव आहे, तिथे आजारी मूल आईबाप-भावंडांसकट आठवडाभर राहतं, भावंडांनाही खाऊ-खेळणी मिळतात. त्या मुलीनं स्वतः डिस्ने मागितलं होतं, हे लक्षात घे. मोठं मागितलं तर मोठंच द्यायचं. तुझ्या पोरानं मंगळ मागितला असता तर मी तुला नासाचा पत्ता शोधायला लावला असता. पण मागितलेल्या गोष्टीची जुळवाजुळव करताना जिथे मूल हातचं जातं, तिथे न मागितलेल्या गोष्टीसाठी पाच जणांचे पासपोर्ट काढत बसायला तुमच्याकडे वेळ आहे? त्याचा आजार उलटलाय. पुढच्या ॲडमिशनआधी मिळाले तर थोडेच दिवस मिळतील.

आता फुगवायचं नाही तसंच छाटायचंही नाही. तुझे वरिष्ठ म्हणतात रत्नागिरीपर्यंत न्या आणि परत आणा, तिथे मोठं सरकारी रुग्णालय आहे. त्यांचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे, मान्य. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा रत्नागिरीच्या अलीकडे येतो, तो त्याला मिळेल. पण पानवलचा पूल रत्नागिरीच्या पुढे आहे. चौसष्ट मीटर उंच! आणि बोगदे तर पार कारवारच्याही पुढे आहेत. मग मडगावला उतरायचं, रत्नागिरीला उतरायचं की आणखी पुढे जायचं? त्याला विचार. नकाशा समोर ठेव, कुठे किती वेळ बसावं लागेल ते सांग, थकशील तेही सांग. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे सगळं कळतं. सलाइनचे थेंब मोजून बाटली कधी संपेल हे सांगणारी मुलं आहेत ती. आईबाप खोलीत नसताना विचार. ते समोर असले की मुलं त्यांना परवडेल तेवढंच मागतात.

बापाचं म्हणणं तू घाबरत घाबरत लिहिलंयस: या पैशात माझं रान सुटलं असतं. तो चूक बोलत नाही. जमीन गहाण टाकून परळला आलेल्या माणसानं दुसरं काय म्हणावं? पण ती फाइल वेगळी. जनआरोग्य योजनेत काय बसलं, काय उरलं, मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज गेला का, हे सगळं घेऊन ये, मी बसते तुझ्याबरोबर. सहलीचे पैसे तिकडे वळवायचे नाहीत. मुलाची एकमेव मागणी घरखर्चात जिरली की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, तोही टाकतो, आणि पुन्हा काही मागत नाही. रेल्वेचंच बघ. कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या माणसालाही मोठी सवलत. पण उपचाराला किंवा तपासणीला जायचं असेल तरच. बोगदे मोजायला जायचं तर पूर्ण भाडं. ते भाडं भरायला तर देणगीदार हवाय!

आईला तुळजापूरचा नवस फेडायचाय. तिला म्हणावं जरूर फेडा. तो तिचा नवस आहे, त्याची सहल नाही.

तू विचारलंयस, मी इतकी हट्टी का. हे पुष्कळांनी विचारलंय, बहुतेकांनी माझ्यामागे. वॉर्डात एक मुलगी होती. तिला मामाच्या गावच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसायचं होतं, सगळ्या मामेभावंडांसोबत. देणगीदाराला सिंगापूर द्यायचं होतं. मी नाही म्हटलं. फोनवर आवाज चढला, त्याचाही आणि माझाही. तो गेला आणि बरोबर इतर मुलांसाठी देणार होता ते पैसेही गेले. मग आम्ही आपापसांत वर्गणी काढली, गाडी ठरवली, आणि ऐन वेळी तिचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, पडले. जत्रा झाली तेव्हा ती वॉर्डात होती. पुढच्या जत्रेला ती नव्हती. सिंगापूरला हो म्हटलं असतं तर निदान ते तरी झालं असतं, असं मला तोंडावर ऐकवलेलं आहे. कशाला झालं असतं? तिच्या बापाकडे जन्माचा दाखलासुद्धा नव्हता, पासपोर्टला त्याहून उशीर लागला असता. आणि जत्रेची तिथी मी ठरवली होती का? काउंट मी पाडले का? निदान शेवटपर्यंत तिला हे माहीत होतं की कुठे जायचं ते आपण सांगितलंय आणि मोठी माणसं त्यासाठी भांडतायत. हे पुरेसं होतं का, असं विचारू नकोस. सिंगापूरपेक्षा बरं होतं, एवढं मी सांगेन आणि सांगत राहीन.

एक गैरसमज मात्र वेळीच झटक. तुझ्या मेसेजात 'शेवटची इच्छा' असं आलंय. ते तोंडातून काढून टाक, नाहीतर त्याच्यासमोर निसटेल. या सहली मरणाऱ्या मुलांच्याच नसतात. गंभीर आजार असलेल्या मुलांच्या असतात, आणि त्यातली कितीतरी मोठी होऊन मिशा राखून भेटायला येतात. त्याच्या बाबतीत काय होईल ते डॉक्टरांनाही आज सांगता येणार नाही.

आता डॉक्टरांकडून काय हवं ते ऐक. ते 'हो, जा' म्हणाले एवढ्यावर परत येऊ नकोस. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट तळाला असतात, म्हणजे प्रवास त्यानंतर, पुढच्या किमोच्या आधी. निघण्याआधी रक्त तपासायचं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, किती असले तर जायचं आणि प्लेटलेट किती, हे आकडे लिहून घे. ताप 100.4 च्या वर गेला तर घरगुती गोळी देऊन वाट पाहायची नाही, जवळच्या रुग्णालयात तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. म्हणून रत्नागिरी आणि मडगाव दोन्हीकडे कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा ते आधी ठरव, आणि केस पेपरचा सारांश आईच्या पर्समध्ये ठेव, बॅगेच्या तळाशी नको. पिक लाइन (औषधासाठी दंडातून घातलेली नळी) असेल तर ड्रेसिंग आदल्या दिवशी. गाडीत खायचं ते शिजवलेलं आणि गरमच. मांडवी एक्सप्रेसमधलं खाणं प्रसिद्ध आहे, तो मागेल. काय चालेल ते डॉक्टरांना विचार.

तिकिटांची गोम वेगळीच आहे. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि साठ दिवस आधी काउंट कोणाला कळतात? तेव्हा दोन-तीन वेगवेगळ्या तारखांची काढून ठेव, लागणार नाहीत ती रद्द कर आणि रद्द केल्याचा भुर्दंड देणगीदाराच्या खात्यात टाक. त्याला सांग, हाच तुमचा सगळ्यात मोठा खर्च आहे. पावसाळ्यात त्या लाइनीवर वेगळं वेळापत्रक असतं, गाड्या हळू धावतात, तेही बघ. मांडवी सकाळी निघते आणि दादरला थांबते, परळहून सोयीची. जनशताब्दीला काचेच्या छताचा डबा असतो, पण ती फारच पहाटे सुटते. कोणती हवी? त्याला विचार.

देणगीदाराला तू फोन करू नकोस, तुझा आवाज कापेल. नंबर पाठव, मी बोलते. तू उद्या गावी फोन लाव. आजीचं आधार कार्ड आहे का, आणि बहिणीला कांजिण्या येऊन गेल्यात का, ते दोन्ही विचार. शाळेत कोणाला सध्या आल्या असतील तर तेही, लाजू नकोस. बहीण तिकडून यायची म्हणजे तिला आणायला कोण जाणार? हे तू लिहिलंच नाहीस.

तुझी,
मावशी