घरच्या संगणकावरील सामायिक फोल्डर : कोणाला काय उघडू द्यावे?

प्रश्न : आमच्या बैठकीच्या खोलीत विंडोज ११ असलेला संगणक आहे. घराची कागदपत्रे, मुलीची शाळेची कामे आणि सासऱ्यांनी जपलेल्या जुन्या छायाचित्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती त्यातच आहेत. मुलीच्या लॅपटॉपवर ती छायाचित्रे दिसावीत म्हणून मी सी ड्राइव्हवर एक नवा फोल्डर तयार केला, 'एव्हरीवन' हा पर्याय निवडून तो शेअर केला आणि नंतर 'पिक्चर्स'मधील छायाचित्रांचे फोल्डर कट करून त्यात पेस्ट केले. लॅपटॉपवर तो फोल्डर दिसतो, त्यात नव्याने तयार केलेल्या फाइली उघडतातही; मात्र छायाचित्रांच्या फोल्डरवर क्लिक केले की परवानगी नसल्याचा संदेश येतो. सुरुवातीला लॅपटॉपने नाव व पासवर्ड विचारला होता, तेव्हा आमचा चार आकडी पिन त्याने स्वीकारला नाही. शेवटी एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे पासवर्डची अटच बंद केली. यात माझे काय चुकले? – एक वाचिका, सातारा

उत्तर : छायाचित्रे न उघडण्यामागे आपली कोणतीही मोठी चूक नाही, ती कट-पेस्ट केली, एवढेच त्याचे कारण आहे. पासवर्डची अट बंद केली ही गोष्ट मात्र आजच दुरुस्त करावी, असे मी आग्रहाने सांगेन. दोन्हींचा उलगडा होण्यासाठी विंडोज परवानगी कशी तपासते हे आधी पाहू.

शेअर केलेल्या फोल्डरला जाळ्यातून, म्हणजे नेटवर्कवरून, येणाऱ्या माणसासाठी दोन दारे असतात. पहिले दार 'शेअरिंग'चे. जाळ्यावरून या फोल्डरपर्यंत कोण येऊ शकतो आणि आल्यावर त्याला केवळ वाचता येईल की बदलही करता येतील, हे तेथे ठरते. दुसरे दार 'सिक्युरिटी'चे. ते प्रत्यक्ष डिस्कवरील प्रत्येक फोल्डरला आणि प्रत्येक फाइलला स्वतंत्रपणे असते, आणि संगणकासमोर बसलेल्या माणसालाही ते ओलांडावेच लागते. बाहेरून येणाऱ्याला दोन्ही दारांतून जावे लागते आणि दोहोंपैकी जे अधिक कडक असेल त्याचाच हुकूम चालतो. पहिल्या दारावर सर्वांना पूर्ण मोकळीक दिली आणि दुसऱ्या दारावर त्या व्यक्तीचे नावच नसले, तर ती पहिल्या दाराच्या आत येऊन दुसऱ्यापाशी अडते. आपल्या मुलीचे नेमके हेच झाले आहे.

आता कट-पेस्टचे पाहू. एखाद्या फोल्डरमध्ये नवी फाइल तयार केली किंवा दुसरीकडून कॉपी करून आणली, तर ती त्या फोल्डरच्या परवानग्या वारशाने घेते. एकाच ड्राइव्हवर फोल्डर कट करून दुसरीकडे पेस्ट केला, तर मात्र तो आपल्या मूळ जागेच्या परवानग्या सोबत घेऊन येतो. आपली छायाचित्रे 'पिक्चर्स'मध्ये होती, म्हणजे आपल्या खासगी खात्याच्या हद्दीत होती. तेथे आपण स्वतः, संगणकाचे प्रशासक आणि खुद्द विंडोज यांच्याखेरीज कोणालाही प्रवेश नसतो. फोल्डर नव्या जागी आला, पण त्याच्यावरील कुलूप जुनेच राहिले. हीच छायाचित्रे आपण कॉपी करून आणली असती, किंवा ती दुसऱ्या ड्राइव्हवरून कट करून आणली असती, तर ही अडचण आलीच नसती; कारण एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर नेताना विंडोज प्रत्यक्षात नवी प्रत तयार करून मूळ फाइल पुसते.

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक नवे खाते उघडावे, असे मी सुचवेन. 'सेटिंग्ज'मधील 'अकाउंट्स'मध्ये 'अदर युजर्स' येथे मायक्रोसॉफ्टच्या खात्याशिवायचे साधे स्थानिक खाते उघडता येते. त्याचे नाव रोमन लिपीत आणि एकाच शब्दाचे ठेवावे, पासवर्ड लांब ठेवावा, आणि या खात्याला प्रशासकाचे अधिकार मुळीच देऊ नयेत. या खात्याने कोणी संगणकासमोर बसून काम करायचे नसून घरातील इतर उपकरणांनी फोल्डर उघडताना स्वतःची ओळख द्यायची, एवढाच त्याचा उपयोग आहे. आपला पिन का चालला नाही, याचेही उत्तर येथेच मिळते. विंडोजचा पिन ज्या यंत्रावर ठरवला त्या यंत्रापुरताच असतो आणि जाळ्यावरून तो कधीच चालत नाही. तेथे खात्याचा खरा पासवर्डच लागतो. ज्या स्थानिक खात्याला पासवर्डच ठेवलेला नाही, त्यालाही विंडोज जाळ्यावरून आत घेत नाही. पुष्कळ घरांत लोक रोज पिननेच संगणक उघडतात आणि खात्याचा पासवर्ड विसरून जातात. मग शेअरिंगच्या वेळी सगळे अडते आणि कोणीतरी पासवर्डची अट काढून टाकण्याचा सल्ला देते.

तो सल्ला वाईट का, तर अट काढल्यावर आपल्या वाय-फायवर असलेला कोणीही, म्हणजे पाहुण्याचा फोन असो, शिकवणीला येणाऱ्या मुलाचा लॅपटॉप असो की कोणा शेजाऱ्याला कधीकाळी दिलेल्या पासवर्डने जोडलेले यंत्र असो, आपले नाव न सांगता तो फोल्डर उघडू शकतो. जेथे सातबाऱ्याचे उतारे, आधार कार्डांच्या प्रती आणि बँकेची पासबुके स्कॅन करून ठेवलेली असतात, त्या संगणकावर असे दार उघडे ठेवू नये. 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज' आणि त्यात 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' येथे जाऊन पासवर्ड-संरक्षित शेअरिंग पुन्हा चालू करावे. त्याच ठिकाणी फाइल शेअरिंग केवळ 'प्रायव्हेट' जाळ्यापुरते चालू आहे ना आणि घरचे वाय-फाय 'प्रायव्हेट' म्हणूनच नोंदवलेले आहे ना, हेही पाहून घ्यावे.

यानंतर सामायिक फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'शेअरिंग' या पानावर 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग' आणि त्यात 'परमिशन्स' उघडावे, यादीतून 'एव्हरीवन' काढून नवे खाते जोडावे आणि त्याला फक्त 'रीड' ही परवानगी द्यावी. मग 'सिक्युरिटी' या पानावर तेच खाते वाचण्याच्या परवानगीसह जोडावे आणि तेथेही 'एव्हरीवन' असल्यास काढून टाकावे. 'सिस्टिम' आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' या नावांना मात्र हात लावू नये. सर्वांत शेवटी 'सिक्युरिटी'मधील 'ॲडव्हान्स्ड' बटण दाबावे. तेथे आतील सर्व फोल्डरांच्या व फाइलींच्या परवानग्या बदलून त्या जागी या फोल्डरच्या परवानग्या लावण्याचा चौकोन खालच्या बाजूला दिसेल. त्यावर खूण करून 'अप्लाय' म्हणावे. छायाचित्रे हजारोंच्या संख्येने असतील तर यास काही मिनिटे लागतील. तोपर्यंत खिडकी बंद करू नये. छायाचित्रांवरील जुने कुलूप या एका खुणेने निघते. हीच खूण चुकूनही संपूर्ण सी ड्राइव्हवर करू नये. तसे केल्यास विंडोजच्या स्वतःच्या फाइलींच्या परवानग्या विस्कटतात आणि संगणक नीट चालेनासा होतो.

मुलीच्या लॅपटॉपवर पत्ता लिहिताना दोन उलट्या तिरक्या रेघा (\\), मग संगणकाचे नाव, पुन्हा एक रेघ आणि मग फोल्डरचे शेअर केलेले नाव, असा क्रम असतो. 'नेटवर्क' या यादीत संगणक कधी दिसतो, कधी दिसत नाही. त्या यादीवर विसंबू नये, पत्ता सरळ टाइप करावा. ओळख विचारली जाईल तेव्हा आधी संगणकाचे नाव, मग तशीच एक उलटी तिरकी रेघ आणि मग खात्याचे नाव असे लिहावे. नाहीतर लॅपटॉप ते आपलेच खाते समजतो. मागे एकदा चुकीचा पासवर्ड 'लक्षात ठेव' म्हणून साठवला गेला असेल, तर 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मधून ती नोंद पुसावी लागेल. आणखी एक साधी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही : संगणक झोपी गेला की सामायिक फोल्डरही दिसेनासा होतो. मुलगी ज्या वेळेत अभ्यासाला बसते त्या वेळेपुरता संगणक जागा राहील, असे ठरवून ठेवावे.

आपण 'रीड'पेक्षा अधिक परवानगीबद्दल विचारलेले नाही, तरी त्याविषयी लिहिल्यावाचून मला राहवत नाही. मी माझ्या घरी एका फोल्डरला सर्वांसाठी पूर्ण परवानगी देऊन ठेवली होती. त्यात आईच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या होत्या; जुन्या कॅसेटींवरून एकेक करून मी त्या उतरवून घेतल्या होत्या. घरातल्या एका लहान मुलाने आपल्या लॅपटॉपवर जागा करायची म्हणून तो फोल्डर पुसला. तो आपल्याच यंत्रावर आहे, असा त्याचा समज होता. मी तातडीने रीसायकल बिन उघडला, पण तो रिकामा होता, कारण जाळ्यावरून पुसलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जातच नाही. ती थेट नाहीशी होते. कॅसेटी अजून होत्या म्हणून बहुतेक ओव्या परत मिळाल्या. एका कॅसेटची फीत मात्र दरम्यान चिकटून खराब झाली होती. तेव्हापासून जपायच्या वस्तूंचा फोल्डर केवळ वाचण्यासाठी, आणि इकडून तिकडे फाइली टाकण्यासाठी बदल करता येणारा दुसरा छोटा फोल्डर, अशी विभागणी मी कायम ठेवली आहे. मुलीला शाळेची कामे आपल्या संगणकावर आणून ठेवायची असतील, तर आपणही तिच्यासाठी असा दुसरा फोल्डर करावा आणि त्याला पहिल्या दारावर 'चेंज' व दुसऱ्या दारावर 'मॉडिफाय' परवानगी द्यावी. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा खंडणीखोर विषाणू लॅपटॉपमध्ये शिरला, तरी त्या लॅपटॉपला जेथे लिहिण्याची परवानगी आहे तेथवरच तो पोहोचतो, हाही या विभागणीचा मोठा लाभ आहे. छायाचित्रांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क कपाटात ठेवावी, हे सासऱ्यांच्या संग्रहासाठी मी मुद्दाम सांगतो.

प्रश्न : माझा जुना मीडिया प्लेअर संगणकावरील फोल्डर दाखवत नाही. दुकानदाराने 'एसएमबी १' चालू करण्यास सांगितले आहे. करावे का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : करू नये. एसएमबी म्हणजे विंडोज संगणक ज्या भाषेत एकमेकांना फाइली देतात ती बोली, आणि तिची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातील आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा विषाणू याच आवृत्तीतील दोषातून जगभर पसरला आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाजही त्याने विस्कळीत केले. मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून एसएमबी १ नव्या संगणकांवर मुळातच बंद ठेवले जाते. एका मीडिया प्लेअरसाठी ते पुन्हा चालू करणे योग्य नाही. आपल्या प्लेअरमध्ये डीएलएनएची, म्हणजे घरच्या जाळ्यावरून चित्रफिती व गाणी पाठवण्याच्या पद्धतीची, सोय असेल तर विंडोजमधील 'मीडिया स्ट्रीमिंग' चालू करून चित्रफिती दाखवता येतात, आणि तेही न जमल्यास पेनड्राइव्ह आहेच.

प्रश्न : मुलगा परदेशी आहे. घरच्या संगणकातील फोल्डर त्याला तेथून उघडता यावा म्हणून राउटरमध्ये ४४५ क्रमांकाचे पोर्ट उघडावे का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कदापि उघडू नये. एसएमबीचे काम ज्या पोर्टवरून, म्हणजे क्रमांक दिलेल्या ज्या प्रवेशमार्गावरून, चालते ते हेच, आणि इंटरनेटवर ते उघडे सापडते का याचा शोध घेणारे स्वयंचलित प्रोग्रॅम अहोरात्र फिरत असतात. आपल्याकडील अनेक इंटरनेट कंपन्या कित्येक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे असे पोर्ट उघडूनही पुष्कळदा काही साधत नाही. मुलाला ठरावीक कागदपत्रेच हवी असतील तर ती क्लाउडवरील एका फोल्डरमध्ये ठेवून तो फोल्डर केवळ त्याच्या खात्याशी शेअर करावा. संपूर्ण फोल्डर नित्य हवा असेल, तर घरचा संगणक आणि मुलाचा लॅपटॉप या दोहोंवर एकच व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून दोन यंत्रांना खासगी व सुरक्षितपणे जोडणारी सोय, बसवावे. मग त्याचा लॅपटॉप घरच्याच जाळ्यात असल्यासारखा फोल्डर उघडेल, आणि वर सांगितलेले स्वतंत्र खाते व पासवर्ड तेथेही तसेच लागू राहतील.