ऑलिम्पियाला न्यायच्या एका पानाबद्दल

चि.,

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. तुमच्या बंदूक क्लबने बंदुकीच्या बिलाबद्दल आमदारांसाठीचं पत्रक तुझ्याकडे सोपवलं ते बरंच झालं, पण चार पानं कुणी वाचणार नाही. एक पान कर, फार तर पाठपोट. विधिमंडळाचं सेशन सुरू झालं की ऑलिम्पियात, म्हणजे वॉशिंग्टन राज्याच्या राजधानीत, कागदाचा पाऊस पडतो. तुझं पत्रक आमदाराच्या आधी त्याच्या साहाय्यकाच्या हातात पडणार, आणि तो पहिल्या तीन ओळींत तीनच गोष्टी शोधणार: बिल कोणतं, तुम्ही बाजूचे की विरोधातले, आणि आपल्या मतदारसंघातले आहात का. म्हणून सगळ्यात वर बिलाचा नंबर, त्याखाली एका वाक्यात मागणी, त्याखाली तुमचा लेजिस्लेटिव्ह डिस्ट्रिक्ट, म्हणजे विधिमंडळाचा मतदारसंघ. नुसतं 'बेलव्ह्यूचे रहिवासी' लिहून भागत नाही. राज्यात असे ४९ डिस्ट्रिक्ट आहेत आणि एकटं बेलव्ह्यू शहरच एकाहून जास्त डिस्ट्रिक्टांत वाटलं गेलंय. सही करणाऱ्या प्रत्येकाचा नंबर घराच्या पत्त्यावरून काढ, आठवणीवर विसंबू नकोस.

आता मजकूर. पहिल्याच परिच्छेदात तू लिहिलंयस, 'वॉशिंग्टनमध्ये दहा किंवा अधिक गोळ्यांचं मॅगझीन बाळगणं गुन्हा आहे.' एका वाक्यात दोन चुका. १ जुलै २०२२ पासून लागू झालेला कायदा दहा*पेक्षा* जास्त गोळ्यांच्या मॅगझीनबद्दल (बंदुकीत गोळ्या भरायच्या पेटीबद्दल) आहे. बरोबर दहाचं त्यात येत नाही. आणि बंदी आहे ती बनवणं, राज्यात आणणं, वितरण आणि विक्री यांवर. आधीपासून घरात असलेलं बाळगण्यावर नाही. पॉइंट टू-टूचं (छोट्या .२२ गोळीचं) नळीचं मॅगझीन आणि लिव्हर-ॲक्शन, म्हणजे दांडी ओढून गोळी चढवायच्या बंदुकीतलं नळीचं मॅगझीनही व्याख्येबाहेर आहे. 'राज्यात आणणं' या शब्दात मात्र लोक फसतात: शेजारच्या आयडाहो राज्यात जाऊन नवं विकत घेऊन आलात तर ते आयात, आपलंच बरोबर नेऊन तेच परत आणलंत तर नाही. असल्या बारीकसारीक गोष्टी चुकल्या की समितीचा वकील पेन खाली ठेवतो आणि पुढचं सगळं वाया जातं. तुझा विरोध कितीही रास्त असो.

तसंच 'असॉल्ट' शब्दाचं. तुमच्या क्लबात सगळे जण त्यावर चिडतात हे मला ठाऊक आहे, आणि चिडण्यात तथ्यही आहे, पण पत्रकात राग नको, फरक दाखव. वॉशिंग्टनच्या कायदेसंहितेच्या एकाच प्रकरणात, म्हणजे ९.४१ मध्ये, दोन वेगळ्या व्याख्या शेजारी शेजारी नांदतात. २०१८ च्या जनमतातून आलेला इनिशिएटिव्ह १६३९ 'सेमीऑटोमॅटिक असॉल्ट रायफल' म्हणतो तेव्हा त्यात प्रत्येक सेमीऑटोमॅटिक रायफल (घोडा दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप चढते ती) येते, अगदी पोरं डबे पाडायला वापरतात ती रूगर १०/२२ सुद्धा. ती घ्यायला वय २१ लागतं. २०२३ च्या हाउस बिल १२४० मधली 'असॉल्ट वेपन' ही वेगळी चीज: नावानिशी मॉडेलांची यादी, ३० इंचांहून कमी लांबीच्या सेमीऑटोमॅटिक रायफली, आणि सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या) रायफलींसाठी ठरावीक वैशिष्ट्यांची कसोटी. साधी १०/२२ पहिल्या व्याख्येत बसते, दुसरीत बसत नाही. तू मसुद्यात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरलेस, त्यामुळे तिसऱ्या परिच्छेदातला दावा सरळ खोटा ठरला. आणखी एक: व्याख्या वर्णानुक्रमाने मांडलेल्या असतात, नवी घुसली की खालच्यांचे नंबर सरकतात. म्हणून पोटकलमाचा आकडा देण्यापेक्षा व्याख्येतला शब्दच अवतरणात दे.

बिल वाचायची रीत शिकून घे, ती अवघड नाही. नवा मजकूर अधोरेखित असतो. काढून टाकायचा मजकूर दुहेरी कंसात, त्यावर आडवी रेघ. पूर्ण नवं कलम असेल तर त्याच्या डोक्यावर 'न्यू सेक्शन' असं छापलेलं असतं आणि आत अधोरेखन नसतं, म्हणून घाईत वाचणाऱ्याला ते जुनंच वाटतं. ओळींना नंबर असतात. तुझी मागणी अशी हवी: 'पान अमुक, ओळ अमुक, या शब्दाऐवजी हा शब्द घाला.' 'बिल मागे घ्या' एवढंच म्हणणाऱ्या पत्रकाला विरोधी मतांच्या आकड्यात एकाची भर घालण्यापलीकडे काम उरत नाही. एक ओळ बदला म्हणणारं पत्रक कधीकधी दुरुस्तीचा मसुदा होऊन बसतं. क्लबातल्या ज्येष्ठांना हे मिळमिळीत वाटेल. वाटू दे.

आणि आवृत्ती तपास. 'एचबी' (हाउस बिल) किंवा 'एसबी' (सेनेट बिल) यांच्या आधी 'एस' आलं म्हणजे समितीने बदलून घेतलेलं सबस्टिट्यूट. 'ई' म्हणजे सभागृहात दुरुस्त्या बसवलेलं एन्ग्रॉस्ड. मॅगझीनचं बिल शेवटी 'ईएसएसबी ५०७८' होऊन मंजूर झालं. मूळ बिलावर लिहिलेलं पत्रक सबस्टिट्यूटच्या सुनावणीला वाटणं ही दरवर्षीची चूक: कलमं सरकलेली असतात आणि ज्या वाक्यावर तुम्ही तुटून पडता ते गळून गेलेलं असतं. छपाईच्या आदल्या रात्री आणि सुनावणीच्या दिवशी सकाळी, दोन्ही वेळा बिलाचं पान उघडून बघ. तळाशी बारीक अक्षरात लिही: 'अमुक तारखेच्या अमुक आवृत्तीवर आधारित.'

अक्षरांच्या आकाराला कमी लेखू नकोस. ऑगस्ट २०१८ मध्ये या १६३९ च्याच, मतपत्रिकेवर येण्यासाठी गोळा केलेल्या सह्यांच्या कागदांवरून खटला झाला: मागच्या बाजूची अक्षरं वाचता येणार नाहीत इतकी बारीक, आणि कायद्यात काय बदलतंय ते रेघा मारून दाखवलेलं नाही. खालच्या कोर्टाने तीन लाखांहून जास्त सह्या बाद ठरवल्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच तो निकाल फिरवला, म्हणून प्रस्ताव मतपत्रिकेवर आला. पत्रकाला ते नियम लागू नाहीत, पण तुझ्या मसुद्यातली नऊ पॉइंटची अक्षरंही कुणी वाचणार नाही. १२ पॉइंट ठेव, काळं-पांढरं, कारण साहाय्यक त्याची झेरॉक्स काढतो आणि रंगीत तक्ते राखेसारखे दिसतात. बंदुकीचं चित्र नको. घोषवाक्य नको. दुसऱ्या महायुद्धातला जपानी नौसेनापती यामामोतो याच्या नावावरचं 'प्रत्येक गवताच्या पात्यामागे रायफल' हे वाक्य तर मुळीच नको, त्याचा मूळ पुरावा आजवर कुणाला सापडलेला नाही.

आकडे कुठून घ्यायचे? आधी सरकारचेच. बहुतेक बिलांना फिस्कल नोट जोडलेली असते: कोणत्या खात्याला किती माणसं लागतील, किती खर्च येईल, हे ती खाती स्वतः लिहून देतात. हाउस बिल ११६३ चंच घे. २०२५ मध्ये मंजूर झालं, खरेदीआधी परमिट लागणार, लागू होण्याची तारीख त्यात १ मे २०२७. परमिट पाच वर्षांचं, बोटांचे ठसे, आणि मागच्या पाच वर्षांत प्रत्यक्ष गोळ्या झाडून घेतलेलं प्रशिक्षण. यावर 'हक्कावर घाला' लिहिण्याआधी स्वतःला विचार: स्टेट पेट्रोलने (राज्य पोलिसांनी) फिस्कल नोटमध्ये किती अर्ज गृहीत धरलेत? तुमच्या काउंटीत नेमबाजीच्या सार्वजनिक रेंज किती, आठवड्यात किती वर्ग भरतात, एका वर्गात किती जागा? फोन करून तो तक्ता भरायला दोन संध्याकाळी लागतील. कुणाचाही टाळ्याखाऊ परिच्छेद त्या तक्त्यापुढे फिका.

मृत्यूचे आकडे वापरणार असशील तर आत्महत्या लपवू नकोस. २०२१ मध्ये देशभरात बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. वॉशिंग्टनमध्ये आत्महत्यांचा वाटा देशाहूनही मोठा. तुमच्या पत्रकाने फक्त खुनांचे आकडे दिले तर समोरची बाजू पहिला प्रश्न तोच विचारेल, आणि विचारायलाच हवा. घरात कुणी खचलेलं असेल तेव्हा बंदूक काही दिवस दुसरीकडे ठेवण्याची सोय, कुलूपबंद पेटी, यांवर क्लब काय करतो ते एका ओळीत लिही. काहीच करत नसेल तर आधी ते सुरू करा आणि मग पत्रक काढा.

राज्यघटना आणि निकाल यांना चार ओळींपेक्षा जास्त जागा देऊ नकोस. सेकंड अमेंडमेंट (अमेरिकेच्या घटनेतली शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुरुस्ती) सगळ्यांना पाठ असतं. वॉशिंग्टनच्या स्वतःच्या घटनेतलं पहिल्या अनुच्छेदाचं कलम २४ मात्र पुष्कळांना माहीत नसतं. तिथे स्वसंरक्षणाचा व्यक्तीचा हक्क उघड शब्दांत आहे, आणि त्याच वाक्यात सशस्त्र टोळ्या उभारण्याला मुभा नाही असंही आहे. वाक्य दिलंस तर पूर्ण दे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा ब्रूएन निकाल (बंदुकीचा कायदा देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळायला हवा, असं म्हणणारा) सांगितलास तर त्याच न्यायालयाचा २०२४ चा रहीमी सांगावाच लागेल, कारण ब्रूएनची कसोटी तिथे मवाळ अर्थाने लावली गेली. आणि मॅगझीनबंदी 'घटनाबाह्य ठरली' हे तुझं वाक्य जुनं झालंय: काउलिट्झ काउंटीच्या न्यायाधीशाने २०२४ मध्ये तसं म्हटलं होतं, पण मे २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी कायदा वैध ठरवला. शहराने वेगळा नियम केला असेल तर मात्र तुमच्या हातात चांगलं शस्त्र आहे. कलम ९.४१.२९० प्रमाणे बंदुकीचं नियमन राज्याकडे. एडमंड्स शहराचा बंदुका कुलपात ठेवण्याचा नियम २०२२ मध्ये याच मुद्द्यावर पडला. पण सिएटलचा प्रत्येक बंदुकीमागे २५ डॉलरचा कर २०१७ मध्ये टिकला, कारण कोर्टाने त्याला नियमन नाही, कर मानलं. एक बाजू सांगून दुसरी गाळू नकोस.

सुनावणीचं वेळापत्रक भिंतीवर लाव. सेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं, विषम वर्षी १०५ दिवस, सम वर्षी ६०. बिलं आधीच, डिसेंबरच्या पहिल्या सोमवारपासून दाखल होऊ लागतात; काम तिथून धर. बोलायचं असेल तर सुनावणीच्या एक तास आधी नाव नोंदलेलं हवं. लेखी म्हणणं सुनावणी सुरू झाल्यापासून २४ तासांपर्यंत देता येतं. नुसती बाजू नोंदवण्याचीही सोय आहे, क्लबच्या बाकी लोकांना ती सांग. बोलायला बहुधा एक-दोन मिनिटं मिळतात, म्हणजे मराठी माणसाला प्रस्तावनेलाही अपुरी. पत्रक वाचून दाखवू नकोस, त्यातली एक ओळ निवड. बिलाच्या शेवटी इमर्जन्सी क्लॉज आहे का तेही बघ. असला तर कायदा लगेच लागू होतो आणि त्यावर रेफरेंडम (जनमत) मागता येत नाही. नसला तर सेशन संपल्यावर ९० दिवस. १२४० ला तो होता, म्हणून राज्यपालांनी २५ एप्रिल २०२३ ला सही केली त्याच दिवशी दुकानांतली विक्री थांबली. आणि सुनावणीच्या दिवशी ऑलिम्पियाला जाताना सगळ्यांच्या बंदुका घरी. २०२१ पासून कॅपिटलच्या (विधानभवनाच्या) आवारात उघडपणे शस्त्र नेण्यावर बंदी आहे. एकाने विसरलं तरी संध्याकाळच्या बातमीत तुमचं पत्रक नाही, तोच दिसेल.

शेवटी तुझ्या त्या मराठी मित्रमंडळींबद्दल, जी मदतीला यायची म्हणतायत. एच-वन-बीवर असलेल्याला फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, आणि ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाकडून वॉशिंग्टन वेगळा राज्य परवानाही मागतं. रेंजवर मित्राची रायफल हातात घेणंसुद्धा 'बाळगणं' ठरू शकतं, तेव्हा पत्रकासाठी फोटो काढताना कुणाच्या हातात काय देतेस ते बघ. ग्रीन कार्डवाल्याला ही आडकाठी नाही. लिहायला, सुनावणीत बोलायला व्हिसा आड येत नाही. पण ग्रीन कार्ड नसलेल्याने उमेदवाराला एक डॉलरही द्यायचा नाही, राज्याच्या निवडणुकीतही नाही. क्लबची नोंदणी ५०१(सी)(३) खाली, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून असेल तर बिलावर मर्यादेत बोलता येतं, उमेदवारावर अजिबात नाही. म्हणून 'यांना मत देऊ नका' ही शेवटची ओळ आजच काढ. छपाई आणि टपालावर खर्च करण्याआधी खजिनदाराला पब्लिक डिस्क्लोजर कमिशनचे (निवडणूक आणि लॉबिंगच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या आयोगाचे) लॉबिंगच्या, म्हणजे आमदारांकडे पाठपुरावा करण्याच्या, नोंदणीचे नियम वाचायला लाव.

दुसरा मसुदा पाठवशील तेव्हा सोबत बिलाची तीच आवृत्ती जोड, आणि प्रत्येक दाव्यासमोर समासात पेन्सिलीने पान-ओळ लिहून पाठव. ज्या दाव्यासमोर समास कोरा असेल तो मी वाचणार नाही.

तुझा,
काका