वाचक विचारतात : पियानो जर्मन की इटालियन?

प्रश्न : मुलगी कीबोर्ड क्लासला जाते. तिथे एकाने सांगितलं पियानो जर्मनांनी शोधला, यूट्यूबवर मात्र इटलीचं नाव येतं. खरं काय? आणि हार्पसिकॉर्ड हे तसंच पट्ट्यांचं वाद्य आधीपासून होतंच, मग पियानो हवा कशाला होता? – एक आई, कासारवडवली, ठाणे

उत्तर : ताई, यावेळी यूट्यूब बरोबर आहे. पियानो बनवला बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने, जन्म इटलीतल्या पादोवाचा, १६५५. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातल्या राजपुत्र फर्डिनांदोने त्याला १६८८ च्या सुमारास नोकरीला ठेवला, वाद्यं बनवायची आणि त्यांची देखभाल करायची. मेदिचींच्या १७०० सालच्या वाद्यांच्या यादीत हळू आणि मोठा असे दोन्ही आवाज काढणाऱ्या त्याच्या नव्या वाद्याची नोंद आहे, म्हणजे तोवर तयार झालंच होतं.

आता हार्पसिकॉर्डचं. त्यात पक्ष्याच्या पिसाच्या देठाचा तुकडा तार छेडतो, त्यामुळे बोट हलकं ठेवा नाहीतर आपटा, आवाज जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरीने तार छेडायच्या ऐवजी हातोडी मारायचं ठरवलं, ऐकायला सोप्पं वाटतं पण खरी गोम पुढे आहे, देवळातल्या घंटेला टोल दिला आणि हात तिथेच टेकवला तर नाद बसतो ना, तसंच इथे, बोट पट्टीवर दाबलेलं असतानाही हातोडी तारेवरून लगेच मागे यायला हवी. त्यासाठी त्याने अशी रचना केली की ढकलणारा भाग शेवटच्या क्षणी हातोडीला सोडून देतो, आणि ती मागे आली की एक अडकण तिला धरते, म्हणजे परत उसळून तारेवर आपटत नाही. हातोडीचं डोकं कागदाची गुंडाळी चिकटवून केलेलं, वरून चामडं! मला विचाराल तर तारेवर मारण्यापेक्षा हे सोडणं-पकडणंच जास्त हुशारीचं.

जर्मनीचं नाव येतं त्यालाही कारण आहे. मफेई नावाच्या इटालियन लेखकाने १७११ मधे या वाद्यावर आकृतीसकट लेख छापला, १७२५ मधे त्याचं जर्मन भाषांतर आलं आणि तिथे झिल्बरमान नावाच्या वाद्यं बनवणाऱ्याने पियानो बनवायला घेतले. प्रसिद्ध जर्मन संगीतकार बाखला त्याचे सुरुवातीचे पियानो फारसे आवडले नव्हते, वरच्या पट्टीचे सूर कमजोर म्हणून, नंतरचे आवडले. इटलीत मात्र हे वाद्य फारसं पसरलंच नाही.

क्रिस्तोफोरीचे तीनच पियानो उरलेत, १७२० चा न्यूयॉर्कला, १७२२ चा रोमला, १७२६ चा लाइपझिगला. मुलीच्या कीबोर्डला टच सेन्सिटिव्हिटीची (बोटाच्या जोराप्रमाणे आवाज कमी-जास्त करणारी) सेटिंग असेल तर हार्पसिकॉर्डचा आवाज लावून ती बंद करा, मग पियानोचा लावून चालू करा, फरक तिला लगेच कळेल.