पहिला ठोकळा घेताना
अरे, लाकडात मूर्ती कोरायला शिकतोयस तर लगेच सागवानाच्या मागे लागू नकोस, महाग पडतं आणि त्यातल्या सिलिकामुळे पटाशीची धार पटकन जाते. आधी शिवणीचं लाकूड घे, मऊ असतं, वाळल्यावर फारसं वाकत नाही. ओलं लाकूड मिळालं तर वाळायला १ इंच जाडीला साधारण १ वर्ष धर, आणि दोन्ही टोकांना मेण फास, पाणी तिथूनच भराभर उडतं आणि चिरा पण तिथूनच पडतात.

माझी पहिली मूर्ती मी गाभा, म्हणजे खोडाचा अगदी मधला भाग, ठोकळ्यात तसाच ठेवून कोरली होती, उन्हाळ्यात कपाळापासून हनुवटीपर्यंत उभी तडकली, फार वाईट वाटलं. आता ठोकळा आणला की दोन दिवस नुसता बघत बसतो, ओला हात फिरवला की रेषा उठून दिसतात, गाठ कुठेय ते कळतं. गाठ टाळायची नाही रे, परवाच एका गाठीचा म्हातारीचा गुडघा झाला.