‘द ग्रेट गॅट्सबी’मधला हिरवा दिवा नेमका कशाचं प्रतीक आहे, आशेचं की पैशाचं?

तुम्ही म्हणताय की गाइडमध्ये एका ठिकाणी आशा लिहिलंय आणि दुसऱ्या ठिकाणी पैसा, मग पेपरात काय लिहायचं. मला विचाराल तर आधी या कादंबरीचा पाचवा चॅप्टर परत वाचा.

पहिल्या चॅप्टरच्या शेवटी निकला, म्हणजे ही गोष्ट सांगणाऱ्याला, गॅट्सबी रात्री एकटाच खाडीकडे हात पसरून उभा असलेला दिसतो, आणि पलीकडे फक्त एक बारीकसा हिरवा दिवा, बास. डेझीबद्दल, म्हणजे खाडीपलीकडे राहणाऱ्या त्याच्या जुन्या प्रेयसीबद्दल, गॅट्सबीच्या मनात काय आहे ते तेव्हा आपल्याला माहीतच नसतं त्यामुळे तो दिवा केवढा गूढ वाटतो. मग पाचव्यात डेझी जवळजवळ पाच वर्षांनी भेटते, त्याच्या घरी येते, खिडकीत दोघं उभे असतात आणि तो तिला सांगतो की धुकं नसतं तर इथून तुझं घर दिसलं असतं, तुमच्या धक्क्यावर रात्रभर हिरवा दिवा चालू असतो. ती पटकन त्याच्या हातात हात घालते तरी हा स्वतःच्याच बोलण्यात हरवलेला, आणि निकच्या मनात येतं की डेझी इतकी जवळ आल्यावर तो दिवा आता परत धक्क्यावरचा साधा दिवा झाला असणार. मला तर अख्ख्या कादंबरीत हीच जागा सगळ्यात जास्त लागते. ज्या बाईसाठी एवढं सगळं केलं ती शेजारी उभी आहे आणि त्याच क्षणी काहीतरी कमी झालंय. मधे खाडी होती म्हणून त्या दिव्याला अर्थ होता.

कादंबरीतल्या एका बोर्डावर रंगवलेल्या डॉ. एकलबर्गच्या डोळ्यांचंही तेच. गाइडवाले सरळ ‘देवाचे डोळे’ लिहून मोकळे होतात पण तसं म्हणतं कोण ते बघा ना, बायको मेल्यावर भान हरपलेला गॅरेजवाला विल्सन, आणि शेजारचा मायकेलिस त्याला तिथल्या तिथे सांगतो की अरे ही जाहिरात आहे. डोळ्यांच्या डॉक्टरचा जुना रंग उडालेला बोर्ड आहे तो. आणि त्या बोर्डाखाली पसरलेली राख पण नुसती कल्पना नाही हं, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये कोरोना भागात शहरातल्या कोळशाच्या राखेचे खरेच डोंगर होते, नंतर ते सपाट करून तिथेच १९३९ चं जागतिक प्रदर्शन भरलं.

पैशाबद्दल लिहायचं असेल तर डेझीचा आवाज घ्या, त्या आवाजात पैसा भरलाय असं गॅट्सबी स्वतः म्हणतो, किंवा लग्नाच्या आदल्या दिवशी तिच्या होणाऱ्या नवऱ्याने, टॉमने दिलेला साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा हार घ्या, त्यासाठी दिव्याला ओढायची गरज नाही.

पेपरात मी तरी पहिला, पाचवा आणि शेवटचा चॅप्टर घेऊन दिवा कसा बदलत जातो तेच लिहीन, शेवटी तर निक त्याला थेट डच खलाशांना पहिल्यांदा दिसलेल्या हिरव्या किनाऱ्याशी नेऊन जोडतो. अमेरिकेत २०२१ पासून पुस्तकाचा कॉपीराइट संपलाय, त्यामुळे मूळ इंग्रजी नेटवर फुकट मिळतं, गाइडच्या आधी ते वाचा.